ओंबील अर्थात विणकर मुंगी : ओळख, वर्गीकरण, प्रसार आणि बागेतील व्यवस्थापन

कोकणातील आंबा, काजू, फणस, चिकू या झाडांवर पाने एकमेकांना जोडून केलेली गोल घरटी आणि त्यावर फिरणाऱ्या तांबूस मुंग्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्गात या मुंगीला ओंबील किंवा उंबील म्हणतात, गोव्यात हुमले म्हणतात. आंबा काढणीच्या वेळी ती अंगावर चढून कडकडून चावते, त्यामुळे मजूर अशा झाडावर चढायला तयार होत नाहीत. परिणामी दिसली ओंबील की घरटे जाळणे किंवा झाडावर कीटकनाशक मारणे, हा बहुतेक बागांतील प्रघात आहे.

दुसऱ्या बाजूला, हीच मुंगी काजूवरील ढेकण्यासारख्या किडीची शिकार करते. काजू पालवी आणि मोहोराच्या अवस्थेत असताना ओंबील मारून टाकली, तर फुकट मिळणारी राखण आपण स्वतःच घालवतो. मात्र प्रत्येक तांबडी मुंगी म्हणजे ओंबील नव्हे आणि प्रत्येक झाडावर ओंबील ठेवणे फायद्याचेही नाही. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी ओळख पक्की असणे महत्त्वाचे आहे.

वर्गीकरण

- गण : हायमेनोप्टेरा (मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांचा गण)
- कुळ : फॉर्मिसिडी (सर्व मुंग्या)
- उपकुळ : फॉर्मिसिनी (नांगीऐवजी फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या मुंग्या)
- वंश : इकोफायला
- जाती : इकोफायला स्मॅरॅग्डिना

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी 1775 मध्ये केले. त्या वेळी तिला ‘फॉर्मिका’ या वंशात ठेवले होते. पुढे 1860 मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी विणकर मुंग्यांसाठी ‘इकोफायला’ हा स्वतंत्र वंश केला. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘पानांचे घर’ असा होतो. ‘स्मॅरॅग्डिना’ म्हणजे पाचूच्या रंगाची. आपल्याकडील मुंगी तांबूस असताना हे नाव कसे, असा प्रश्न पडतो. उत्तर ऑस्ट्रेलियातील याच जातीच्या कामकरी मुंग्यांचे पोट हिरवे असते आणि तेथे तिला हिरवी मुंगी म्हणतात. आपल्याकडेही राणी मुंगी हिरवट रंगाची असते.

इकोफायला वंशात आज जगात दोनच जाती जिवंत आहेत. इकोफायला स्मॅरॅग्डिना ही आशिया आणि ऑस्ट्रेलियात, तर इकोफायला लाँगिनोडा ही आफ्रिकेत आढळते. दोघींच्या सवयी जवळपास सारख्या असल्याने आफ्रिकेतील आंबा, काजू बागांमधील अनुभव आपल्यालाही उपयोगी पडतात.

ओंबील कशी ओळखावी?

शरीररचना :
- मोठी कामकरी मुंगी साधारण 8 ते 10 मि.मी. लांब असते. रंग नारिंगी-तांबूस ते विटकरी. झाडावर फिरणारी, शिकार करणारी आणि चावणारी मुंगी हीच.
- लहान कामकरी मुंगी मोठीच्या साधारण निम्म्या आकाराची असते. ती बहुतेक वेळ घरट्यात राहून अंडी व अळ्यांची देखभाल करते, त्यामुळे सहसा नजरेस पडत नाही.
- पाय लांब, शरीर सडपातळ, डोळे मोठे आणि ठळक.
- छाती आणि पोट यांना जोडणारी कंबर बारीक, लांबट असून तिच्यात एकच गाठ असते. भिंगातून पाहिल्यास ही खूण स्पष्ट दिसते.
- नांगी नसते. मुंगी जबड्याने चावा घेते आणि पोटाचे टोक पुढे वळवून जखमेवर आम्ल सोडते, म्हणून आग होते.

वागणूक :
- डिवचल्यास मागच्या पायांवर उभी राहून जबडे उघडते आणि पोट वर उचलते. पळून न जाता सामना करते.
- फांद्यांवर, खोडावर ठरलेल्या वाटेने रांगेत फिरते. दिवसा हालचाल जास्त असते.

घरटे :
- ही सर्वांत खात्रीची खूण आहे. जिवंत, हिरवी पाने एकमेकांना पांढऱ्या रेशमी धाग्यांनी जोडलेली असतात. काही पानांच्या पुडीपासून फुटबॉलएवढ्या गोळ्यापर्यंत आकार असू शकतो.
- घरटे नेहमी झाडावर, बहुधा कोवळ्या फांद्यांच्या टोकाकडे असते. जमिनीत किंवा लाकडाच्या पोकळीत नसते.

घरटे विणण्याची पद्धत वैशिष्ट्यपूर्ण आहे. कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दोन पाने जवळ ओढतात. पाने जुळली की इतर कामकरी मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरवतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जातात. कोषासाठी वापरायचे रेशीम घरट्यासाठी खर्च होत असल्याने या मुंगीचे कोष उघडे, आवरणाशिवाय असतात. घरटे उघडल्यावर जी पांढरी ‘अंडी’ दिसतात, त्यातील बहुतेक अळ्या आणि कोष असतात.

गल्लत कोणाशी होते?

- आगमुंगी (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) : रंग तांबूस-तपकिरी, आकार 3 ते 6 मि.मी. वारूळ जमिनीत, भुसभुशीत मातीचे. कमरेत दोन गाठी आणि पोटाच्या टोकाला नांगी. दंशानंतर पुळी येते. ओंबील नांगी मारत नाही.
- पिवळी वेडी मुंगी (ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस) : रंग पिवळसर, आकार 4 ते 5 मि.मी., पाय आणि मिशा खूप लांब. दिशा बदलत सैरावैरा धावते. घरटे जमिनीत, पालापाचोळ्यात किंवा दगडाखाली. पाने विणत नाही. झाडावर चढून पिठ्या ढेकणाला सांभाळते आणि ओंबिलीशी स्पर्धा करते.
- मुंगळा (कॅम्पोनोटस) : काळा किंवा गडद तपकिरी, अंगाने जाड. घरटे जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी किंवा लाकडात.
- काळी-तांबडी झाडमुंगी (टेट्रापोनेरा रूफोनायग्रा) : डोके व पोट काळे, छाती तांबडी. सुकलेल्या लाकडातील छिद्रांत राहते. नांगी असते आणि दंश फार वेदनादायक असतो.
- झाडावरील कागदी घरट्याची मुंगी (क्रेमॅटोगॅस्टर) : फांदीला चिकटलेले तपकिरी, कडक, शेणगोळ्यासारखे घरटे. मुंगी लहान, पोट बदामाच्या आकाराचे. सह्याद्रीतील जंगलांत अशी घरटी दिसतात. ही मुंगीही पोट वर उचलते, पण तिच्या घरट्यात हिरवी पाने शिवलेली नसतात.
- मुंगीसारखा दिसणारा कोळी : ओंबिलीच्या रांगेजवळ कधीकधी हुबेहूब तिच्यासारखा उडी मारणारा कोळी दिसतो. पाय मोजावेत. मुंगीला सहा, कोळ्याला आठ.

प्रसार

ही उष्ण आणि दमट प्रदेशातील, झाडांवर राहणारी मुंगी आहे. भारत, श्रीलंका, बांगलादेशापासून म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा प्रसार आहे.

भारतात पश्चिम किनारपट्टी व पश्चिम घाट, दक्षिणेकडील राज्ये, ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, बंगाल आणि ईशान्य भारतात ती सामान्यपणे आढळते. छत्तीसगडमधील बस्तर भागात या मुंग्यांची ‘चापडा’ चटणी करतात. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या ‘सिमिलिपाल काई चटणी’ला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती याच मुंगीपासून केली जाते.

महाराष्ट्र आणि गोव्यात कोकण किनारपट्टी, सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि दमट वनक्षेत्र हे तिचे मुख्य क्षेत्र आहे. वर्षभर हिरवी राहणारी रुंद पाने, उबदार हवा आणि एकमेकांना भिडलेल्या फांद्या या तिच्या गरजा आहेत. आंबा, काजू, फणस, जांभूळ, चिकू, लिंबूवर्गीय झाडे यांवर त्या भागतात. जेथे झाडे विरळ आहेत आणि पानगळ मोठी होते, अशा कोरड्या भागात तिची वसाहत टिकणे अवघड जाते.

वसाहत आणि जीवनक्रम

एका झाडावरील प्रत्येक घरटे म्हणजे वेगळे कुटुंब, असा समज आहे. प्रत्यक्षात एकच वसाहत अनेक घरट्यांत आणि अनेक झाडांवर पसरलेली असते. मोठ्या वसाहतीत शंभरच्या आसपास किंवा त्याहून अधिक घरटी आणि काही लाख कामकरी मुंग्या असू शकतात. एवढ्या वसाहतीत राणी सहसा एकच असते आणि ती एकाच घरट्यात राहते. तिने घातलेली अंडी कामकरी मुंग्या इतर घरट्यांत वाहून नेतात. उष्ण हवामानात अंड्यापासून कामकरी मुंगी तयार होण्यास साधारण महिना लागतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पंख असलेल्या माद्या आणि नर बाहेर पडतात. मिलनानंतर मादी पंख टाकते, मुडपलेल्या पानाच्या आडोशाला बसते आणि पहिली अंडी घालून नवी वसाहत सुरू करते.

दोन वेगळ्या वसाहतींतील मुंग्या एकमेकींना वासावरून ओळखतात आणि भेटल्यास मरेपर्यंत झुंजतात. बागेत दोन वसाहतींच्या हद्दीवर अशी झुंज नेहमी दिसते. वसाहत हलविण्याच्या कामात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

मित्र की उपद्रवी?

उपयोग :
किडींच्या नियंत्रणासाठी मुंगी वापरण्याची जगातील सर्वांत जुनी नोंद याच जातीची मानली जाते. इ.स. 304 च्या सुमाराचा मानला जाणारा आणि ची हान यांच्या नावाने ओळखला जाणारा एक चिनी ग्रंथ दक्षिण चीनमधील वनस्पतींची माहिती देतो. संत्र्याची झाडे किडींपासून वाचविण्यासाठी बाजारात या मुंग्यांची घरटी विकत मिळत, असे त्यात नमूद आहे. पुढील काळात तेथील बागायतदार झाडांदरम्यान बांबूचे पूल बांधून मुंग्यांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्याची सोय करून देत.

अलीकडच्या काळात उत्तर ऑस्ट्रेलियात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजू व आंबा बागांत या मुंगीवर दीर्घकाळ काम केले. काजूवरील ढेकण्या, तसेच आंब्यावरील तुडतुडे, फुलकिडे, फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांचे नुकसान ओंबील भरपूर असलेल्या झाडांवर कमी राहते, असे त्यांच्या अभ्यासात आढळले. आफ्रिकेतील बेनिन देशात आंबा बागांत फळमाशीबाबत असाच अनुभव आला. मुंगी कीड पकडून नेते, हा एक भाग झाला. शिवाय तिच्या वावरामुळे आणि वासामुळे अनेक किडी त्या फळावर, फांदीवर बसायचे टाळतात.

तोटे :
- पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा या किडी गोड चिकट द्रव सोडतात. ओंबील तो द्रव खाते आणि बदल्यात या किडींचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करते. त्यामुळे अशा झाडांवर खवले व पिठ्या वाढून पानांवर काळी बुरशी धरू शकते.
- काढणी, छाटणी, फवारणी करणाऱ्यांना चावते.
- मोहोरावर दाटी झाल्यास मधमाश्यांसारख्या कीटकांना त्रास होऊ शकतो.
- केवळ पाने शिवल्याने मोठ्या झाडाचे फारसे नुकसान होत नाही, पण रोपवाटिकेत आणि लहान कलमांवर शेंड्याची वाढ अडते.

म्हणजेच रस शोषून एका जागी बसणाऱ्या किडी ती पोसते आणि फिरत्या, उडत्या किडींना हाकलते. आपल्या बागेत मुख्य कीड यांपैकी कोणती, त्यावर निर्णय अवलंबून आहे.

पीकनिहाय निर्णय

काजू : ढेकण्याची पिल्ले व प्रौढ कोवळी पालवी, मोहोर आणि लहान बिया यांतील रस शोषतात. रस शोषलेल्या जागी तपकिरी-काळे चट्टे पडतात आणि शेंडे, मोहोर करपल्यासारखे सुकतात. काजूची पडलेली बी जमिनीवरून गोळा केली जाते, त्यामुळे चावण्याचा त्रास आंब्याच्या तुलनेत कमी असतो. ढेकण्या ही मुख्य समस्या असलेल्या काजू बागेत ओंबील ठेवणे सर्वांत जास्त फायद्याचे आहे.

आंबा : काढणीच्या वेळी त्रास होतो आणि पिठ्या-खवले वाढण्याची शक्यता असते. झेल्याने काढणी होणाऱ्या, उंचीने आटोपशीर ठेवलेल्या बागेत ओंबील ठेवता येते. पिठ्या किंवा खवले किडीचा प्रादुर्भाव दरवर्षी होणाऱ्या बागेत आधी त्या किडीचा बंदोबस्त करावा.

लिंबूवर्गीय झाडे व कॉफी : या पिकांवर खवले व पिठ्या महत्त्वाच्या किडी आहेत आणि तोडणी हाताने होते. येथे ओंबिलीचा त्रास सहसा फायद्यापेक्षा जास्त ठरतो.

रोपवाटिका व नवीन लागवड : घरटी काढून टाकावीत.

ओंबील ठेवायची असल्यास

1. वसाहतीचा जोम मोजावा. झाडाच्या एकूण मुख्य फांद्या मोजाव्यात आणि त्यांपैकी किती फांद्यांवर मुंग्यांची रांग आहे ते पाहावे. उदाहरणार्थ, 8 पैकी 6 फांद्यांवर रांग असेल तर प्रमाण 75 टक्के. निम्म्याहून अधिक फांद्यांवर वावर असेल तर झाडाची राखण चांगली होत आहे असे समजावे. दोन-तीन घरटी आणि तुरळक मुंग्या असतील तर केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये.

2. सरसकट फवारणी टाळावी. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके ओंबिलीला मारक आहेत. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तिन्ही अवस्थांत वेळापत्रकानुसार फवारणी करण्यापूर्वी झाडनिहाय पाहणी करावी. ओंबील भरपूर आणि नवीन चट्टे नगण्य असलेली झाडे फवारणीतून वगळता येतात. ओंबील नसलेल्या झाडांवर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार नियंत्रण करावे.

3. पिठ्या व खवले किडीवर लक्ष ठेवावे. दर 15 दिवसांनी काही घरटी बाहेरून आणि त्यांच्या लगतच्या फांद्या तपासाव्यात. प्रादुर्भाव दिसल्यास तेवढीच फांदी छाटावी किंवा तेवढ्याच भागावर कडुनिंबयुक्त घटक अथवा कीटकनाशक साबणाची फवारणी करावी. फवारणी सायंकाळी, मुंग्यांचा वावर कमी झाल्यावर करावी.

4. वाटा जोडाव्यात. एकाच वसाहतीची झाडे दोरीने किंवा बांबूने जोडल्यास मुंग्यांना जमिनीवर उतरावे लागत नाही आणि आगमुंगी, वेडी मुंगी यांच्याशी सामना टळतो. दोन वेगळ्या वसाहतींची झाडे जोडू नयेत.

5. वसाहत वेगळी की एकच, हे तपासावे. एका झाडावरील काही मुंग्या काडीवर घेऊन दुसऱ्या झाडावरील रांगेजवळ सोडाव्यात. काही मिनिटांत झटापट सुरू झाली, एकमेकींचे पाय ओढू लागल्या, तर वसाहती वेगळ्या आहेत. मिशा लावून शांतपणे पुढे गेल्या तर वसाहत एकच आहे.

6. घरटी हलविताना एकाच वसाहतीची शक्य तितकी घरटी सकाळी लवकर, फांदीसह कापून पिशवीत घ्यावीत आणि ओंबील नसलेल्या झाडावर त्याच दिवशी बांधावीत. राणी असलेले घरटे सोबत न आल्यास नवीन कामकरी मुंग्या तयार होत नाहीत आणि काही महिन्यांत वसाहत संपते. राणीचे घरटे नेमके सापडणे कठीण असते. म्हणून बागेत असलेली वसाहत जपणे हा हलविण्यापेक्षा सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे.

7. छाटणी एकाच वेळी पूर्ण करू नये. वसाहत असलेल्या सर्व झाडांची एकदम कडक छाटणी केल्यास घरट्यांसाठी पाने उरत नाहीत. टप्प्याटप्प्याने छाटणी करावी.

काढणीच्या वेळी घ्यावयाची काळजी

- काढणी सकाळी लवकर, हवा थंड असताना करावी.
- शक्य तेथे झेल्याचा वापर करावा. झाडावर चढायचे असल्यास पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजम्याची टोके मोज्यात खोचलेली आणि डोक्याला फडके असावे.
- काढणीच्या फांदीवरील घरटे आदल्या दिवशी सायंकाळी कापून बाजूच्या झाडावर, मात्र त्याच वसाहतीच्या, बांधावे.
- डोळ्यात आम्ल गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवावे. अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.

ओंबील काढायची असल्यास

संपूर्ण झाडावर फवारणी करण्याची गरज नसते. सायंकाळी बहुतेक मुंग्या घरट्यात परतल्यावर घरटे मोठ्या पिशवीत घेऊन फांदीसह कापावे आणि साबणाच्या पाण्यात बुडवावे. झाडावरील सर्व घरटी एकाच वेळी काढावीत. नंतर शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात आणि बुंध्याभोवती चिकट पट्टी बांधावी, म्हणजे मुंग्या परत चढत नाहीत. झाडावर घरटे जाळल्याने कोवळ्या फांद्या होरपळतात आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका असतो, म्हणून ही पद्धत टाळावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी निरीक्षण नोंद

गावातील काजू बागेत ओंबील असलेली 10 आणि नसलेली 10 झाडे रंगाने खूण करून निवडावीत. पालवी फुटल्यापासून फळधारणेपर्यंत दर 15 दिवसांनी पुढील नोंदी ठेवाव्यात :
- मुंग्यांची रांग असलेल्या मुख्य फांद्यांचे प्रमाण
- प्रत्येक झाडाच्या चारही दिशांचे मिळून ठरावीक शेंडे आणि त्यांपैकी ढेकण्याचे चट्टे असलेले शेंडे
- पिठ्या, खवले किडीचा प्रादुर्भाव
- झालेल्या फवारण्या व खर्च
- हंगामाअखेर झाडनिहाय बियांचे वजन

दोन्ही गटांतील झाडे एकाच जातीची, साधारण एका वयाची असावीत, अन्यथा तुलना चुकीची होते. एका हंगामाच्या अशा नोंदींवरून ओंबील ठेवल्याने आपल्या बागेत किती फवारण्या वाचतात आणि उत्पादनात काय फरक पडतो, हे शेतकऱ्याला स्वतःच्या आकड्यांत दिसते. येत्या हंगामात पालवी येण्यापूर्वीच झाडांची निवड करून नोंदी सुरू कराव्यात आणि तोपर्यंत काजूवरील ओंबिलीची घरटी काढू नयेत.